मैनेचा बाप

गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे एक वाक्य मी मुळशी तालुक्यात बत्तीस वर्षं सांगत हिंडलो. माझं पद पशुधन पर्यवेक्षक. लोक म्हणायचे डॉक्टर. मी डॉक्टर नव्हतो. माझा अभ्यासक्रम वर्षाचा आणि पगार त्या मानाने. पण ‘पर्यवेक्षक’ हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नव्हता आणि मलाही तो बसवायची घाई नव्हती.

काम सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला गाय दूध देते एवढंच माहीत असतं. गाय व्याली तरच दूध देते, आणि व्यायची तर आधी माजावर असताना भरवून गाभण राहावी लागते. पूर्वी त्यासाठी गावात वळू असायचा. आमच्या खात्याने वळूऐवजी कांडी आणली. दाभणाएवढी प्लॅस्टिकची नळी, आत उत्तम वळूचं रेत, नळीवर त्या वळूचा नंबर. ती ठेवायची द्रवरूप नायट्रोजनमध्ये. झाकण उघडलं की पांढरा धूर यायचा, म्हणून त्या भांड्याला लोक ‘धुराचा हंडा’ म्हणत. कांडी चिमट्याने काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, गनमध्ये, म्हणजे लांब सळईसारख्या पिचकारीत, भरायची आणि लगेच गायीला द्यायची. कांडी एकदा वितळली की ती हातात रेंगाळूनही चालत नाही, परत गोठवूनही चालत नाही. आतलं सगळं मरतं. हे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावं.

मोटारसायकलच्या मागे तो हंडा बांधून मी धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांपर्यंत गेलो आहे. जिथे रस्ता संपायचा तिथून हंडा खांद्यावर. आडवी आलेली वासरं हात घालून फिरवली, व्याल्यावर पोटात अडकलेले जार काढले. आज पौडच्या रस्त्याने जाताना डाव्या-उजव्या हाताच्या गोठ्यांत उभी असलेली काळीपांढरी जनावरं बघतो तेव्हा यांच्या पणज्या माझ्या हाताने गाभण राहिल्या, असं मनात येतं आणि छाती थोडी वर येते. म्हातारपणी एवढी तरी यावी.

छाती वर यायला आणखी एक कारण आहे. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या वाट्याला जन्माने आलेलं काम म्हणजे गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं. वडिलांनी ते सोडलं आणि त्यापायी गावाचा राग सोसला. मी त्याच तालुक्यात जिवंत वासरं जन्माला घातली. ज्यांच्या दारात आजोबांना मागच्या बाजूने बोलावत, तिथे माझी मोटारसायकल वाजली की बायका गरम पाण्याची बादली घेऊन धावत यायच्या. माणूस कुणाच्या पोटी जन्मला यावर त्याचं काम ठरत नाही, याचा तालुक्यातला चालता पुरावा मीच होतो. म्हणूनच पुढे जे मी केलं ते मला जास्त लागतं.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं खूप भेटली. कासार आंबोलीत एका निवृत्त साहेबांनी बंगला बांधला आणि हौसेने गाय घेतली. ते मला म्हणाले, “मला शांत स्वभावाची कालवड पाहिजे. कांडीवर स्वभाव लिहिलेला असतो का?”

“नाही साहेब.”

“मग काय लिहिलेलं असतं?”

“वळूचा नंबर. त्यावरून त्याच्या आईचं दूध कळतं.”

“आणि त्याच्या बापाचं?”

“बाप दूध देत नाही, साहेब.”

दुसरे एक म्हातारबुवा गाय धरून उभे होते. मी हातमोजा चढवतोय तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, “डाक्टर, मानसासाठी आशी नंबराची कांडी मिळत न्हाई का?”

“कशाला?”

“आमच्या थोरल्याकडं बघून इचारतोय.” थोरला मागेच उभा होता. तो म्हणाला, “आबा, म्या तुमच्याच नंबराचा हाय.” मला हसू आवरेना. गाय बिचकली आणि तिने शेपटी माझ्या तोंडावर मारली.

गमतीत निघणारी ही वंशाची गोष्ट लोक माझ्याकडे गंभीरपणेही आणायचे. सोयरीक जमवताना मुलीच्या घरची माहिती कुणाला विचारायची? पाहुणे समोरच्या दाराने येतात, त्यांना सारवलेली ओसरी दिसते. मी गोठ्याच्या दाराने जायचो. घरात कोण कुणावर ओरडतं, सकाळी कुणाच्या तोंडाला वास येतो, सून रडली आहे का, हे मला न विचारता कळायचं. शिवाय ‘डॉक्टरांना वाणातलं कळतं’ अशी ख्याती. ती ख्याती कुठून आली, ते आता सांगतो.

कासार आंबोलीच्या अलीकडे एका वाडीत हौसाबाई राहायची. विधवा, मूलबाळ नाही, दीड एकर आणि दोन गाया. धाकट्या बहिणीची मुलगी सुमन तिच्याजवळ वाढत होती. ती बहीण बाळंतपणानंतर मनाने ढासळली. बोलायची बंद झाली, रानात निघून जायची, आणि एक दिवस विहिरीत सापडली. नवरा त्याआधीच परागंदा झाला होता. तेव्हा सुमन दीड वर्षाची. हौसाबाईने तिला कडेवर आणली ती कायमची.

सुमन बारा वर्षांची झाली त्या वर्षी एका नामांकित वळूच्या दोनच कांड्या आमच्या वाट्याला आल्या. हौसाबाई वर्षभर माझ्या मागे होती. “डाक्टर, एक कांडी मला ठिवा. माझी गाय गरीब हाय, पर कूस चांगली हाय तिची.” मी एक राखून ठेवली. गाय माजावर आल्याचा निरोप आला तसा मी हंडा घेऊन पोचलो. बघतो तर अंगणात वीस-पंचवीस माणसं. मोठ्या वळूची कांडी आली आहे ही बातमी वाडीभर झाली होती. सरपंचही आलेले.

मी आधी नोंदवहीत आणि हौसाबाईच्या कार्डावर वळूचा नंबर लिहिला. मग झाकण उघडलं. धूर निघाला तशी माणसं मागे सरली आणि मला चेव आला. चिमट्याने कांडी काढली, उंच धरली आणि म्हणालो, “ही बघा.” सरपंच म्हणाले, “बघू, बघू.” मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. तिथून ती त्यांच्या भावाकडे गेली, भावाकडून आणखी कुणाकडे. “एवढुशीच?” “हिच्यात आख्खा बैल बसतुया व्हय?” हशा झाला. मीही हसलो. कांडी परत माझ्या हातात आली तेव्हा ती नरम आणि कोमट होती.

ती मेली हे मला तत्क्षणी कळलं. पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट मी नोकरीच्या बाराव्या वर्षी विसरलो होतो, कारण माणसं बघत होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं, “हौसाबाई, माझ्या हातून वाया गेली. दुसरी आहे ती दुसऱ्याच्या नावची. पुढच्या खेपेला बघू.” मी म्हणालो, “चला, सगळे लांब व्हा, गाय घाबरते.” माणसं वळली. मी ती कांडी खिशात टाकली आणि हंड्यातून एक साधी कांडी काढली. कुठल्याशा संकरित वळूची, जिला कुणी मागत नसे. दोन्ही वळू काळेपांढरे, म्हणजे वासराच्या रंगावरून कुणाला काही कळणार नव्हतं. नोंदवहीतला नंबर तसाच राहिला.

गाय गाभण राहिली. विणीच्या दिवशी हौसाबाई पौडच्या बाजाराला निघाली होती आणि तिची एसटी चुकली. चिडून घरी परतली तर गाय आडवी पडलेली, वासराचे मागचे पाय बाहेर. एसटी मिळाली असती तर संध्याकाळी तिला दोन मढी दिसली असती. तिने आणि सुमनने ओढून कालवड काढली, नाकातोंडातला चिकटा पुसला, अर्ध्या तासात चीक पाजला. तिचं नाव मैना.

मैना कशी वाढली ते मी दर पंधरवड्याला पाहत होतो. हौसाबाईने तिला कधी काठी लावली नाही. पाणी कोमट करून पाजायची. गोचीड एकेक हाताने वेचायची. पेंड-भुशाचं आंबोण दोघी मायलेकीसारख्या बसून कालवत. सुमन शाळेतून आली की आधी मैनेच्या मानेला खरारा करायची, मग स्वतः जेवायची. मैना पहिल्या वेतात अठरा लिटरवर गेली, दुसऱ्यात चोवीस. तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात पहिली आली.

बक्षीस समारंभात माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, “मंडळी, ही सगळी रक्ताची किमया आहे. हौसाबाईंची गाय साधी, गोठा साधा. फरक पडला तो बापाने.” टाळ्या पडल्या. हौसाबाई खाली पदर सावरून बसली होती, तिनेही वाजवल्या. त्यानंतर तालुकाभर मेळावे, भाषणं, मला सत्काराची शाल. प्रत्येक भाषणात मैना. इतक्या वेळा सांगितलं की साधी कांडी मी स्वतःच विसरत चाललो. खोटं दुसऱ्यांच्या गळी उतरलं की आपल्यालाही ते गोड लागायला लागतं.

उलटा पुरावा माझ्यासमोर नव्हता असंही नाही. एका गायीला जुळ्या कालवडी झाल्या होत्या, ठिपक्याला ठिपका. एक घरी राहिली, दुसरी शेजारच्या गावात विकली. घरची शेपटीखाली लहान पोर खेळलं तरी हलायची नाही. विकलेली धारेला बसलेल्या माणसाला लाथेने उडवायची. तिच्या मालकाला दात-ओठ खाऊन धार काढायची सवय होती. एक आई, एक बाप, एकच दिवस. मी दोघींना टोचायला जायचो आणि पाहायचो. मग मेळाव्यात जाऊन रक्ताची किमया सांगायचो.

सुमन वीस वर्षांची झाली. पिरंगुटच्या बाजूचे एक तात्या, ओळखीचे, सज्जन माणूस. त्यांचा मुलगा कंपनीत होता. त्याने सुमनला पाहिलं, पसंत केली. तात्या एक दिवस सकाळी माझ्याकडे आले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, “डॉक्टर, पोरगी कशी आहे?”

“सोन्यासारखी.”

“ते दिसतंयच. पण तिच्या आईचं ऐकलं. ते पोरीत उतरतं का? तुम्हाला वाणातलं कळतं म्हणून विचारतो.”

मला काय कळत होतं? गायीच्या दुधाचं थोडं, माणसाच्या मनाचं काही नाही. पण तात्या माझ्याकडे असे बघत होते, जसे त्या दिवशी अंगणातले लोक बघत होते. मी म्हणालो, “तात्या, मैना बघितलीत ना? बाप दिसला तिच्यात. रक्त कुठे जात नाही हो.”

तात्यांनी कप खाली ठेवला. “मग झालं,” म्हणाले. सोयरीक मोडली. माझ्या तोंडची तीन वाक्यं, आणि त्यातलं मधलं तर उघड खोटं.

त्यानंतर मी निवृत्त झालो, बावधनला मुलाकडे राहायला गेलो. हौसाबाईकडे वर्षातून एखादी फेरी व्हायची. सुमनने लग्न केलं नाही एवढं दिसत होतं. का, ते मी विचारलं नाही. तिने मात्र गोठा वाढवला. आज तिच्याकडे चौदा गाया आहेत. बंगलेवाल्यांपासून बावधनपर्यंत तिचं दूध जातं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका तिच्याकडे जनावर सांभाळायला शिकायला येतात.

यंदा उन्हाळ्यात हौसाबाई गेली. मी भेटायला गेलो. ओसरीवर पाहुणे बसले होते. सुमनने माझी ओळख करून दिली, “हे कांबळे डाक्टर. यांनीच ती कांडी आणली व्हती. आमचं समदं त्या वळूमुळं. मावशी शेवटपातुर म्हनायची, गाय डाक्टरांची, म्या निस्तं वैरण टाकली.”

मला तिथे बसवेना. निस्तं वैरण टाकली! तीस वर्षं ती बाई स्वतःच्या हातचं श्रेय एका नळीला देत राहिली, आणि ती नळी माझ्या खिशात गेली होती.

आमच्या सोसायटीत मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई राहतात. त्यांना मी तात्यांचा प्रश्न विचारला, पंचवीस वर्षं उशिराने. त्या म्हणाल्या, “आजोबा, काही कल वंशातून येतो, पण येतोच असं नाही. घर कसं मिळालं, पुढे काय वाट्याला आलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. एकेका माणसाबद्दल आधी छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. आणि बाळंतपणानंतरच्या त्या आजाराला आज चांगले उपचार आहेत.”

आठ दिवसांनी मी परत वाडीवर गेलो. सुमन दावणीला वैरण टाकत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आधी तात्यांचं.

“ते मला ठाव हाय,” ती हात न थांबवता म्हणाली. “तवाच तात्यांनी मावशीला सांगितलं व्हतं. डाक्टर आसं म्हनले म्हनून.”

“तरी तू मला चहा देत राहिलीस?”

“तुमी खरं सांगितलं आसंच वाटलं की. राग कशाला यावा?”

मग मी कांडीचं सांगितलं. सरपंचांचा तळहात, माझा खिसा, साधा वळू. तिचा हात थांबला. वैरण तशीच काखेत धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

“मंजी मैनेचा बाप तो नव्हता?”

“नव्हता.”

“मग एवडं दूध?”

“तुमच्या दोघींचं. चीक वेळेवर, आंबोण, खरारा. हौसाबाईचा हात. आणि एसटी चुकली ते नशीब. वळूचं त्यात फार काही नव्हतं.”

ती दावणीच्या कट्ट्यावर बसली. मग म्हणाली, “तात्यांच्या मागून दोन ठिकानं आली व्हती. चांगली व्हती. त्यांना आईचं ठाव आसून चालत व्हतं. म्याच न्हाई म्हनलं.”

“का?”

“मैना व्हती की दारात. रोज धार काढायची तिची. दर धारंला वाटायचं, हिच्यात बाप आला, तसं माझ्यात आई यील. लेकरू झालं की यील. मग त्या लेकराला कोन बगनार? मावशी म्हातारी झालेली.” ती बोटांतली काडी मोडत होती. “डाक्टर, मला कदी काय झालं न्हाई. येक दिस न्हाई. तरी मी वाटच बगत व्हते.”

मी आयुष्यात पुष्कळ गोठ्यांत हरलो आहे. वासरं दगावली आहेत, गाया डोळ्यांदेखत गेल्या आहेत. त्या वेळी निदान हात घालून काही करता येत होतं.

“आता सांगा,” ती म्हणाली. “आईचं माझ्यात हाय का न्हाई?”

“मला माहीत नाही, सुमन. कुणालाच आधी सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या.”

ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तवा एवडंच म्हनला आसता तर?”

धारेची वेळ झाली होती. ती उठली, चरवी विसळली, पहिल्या गायीच्या अंगावर हात फिरवून खाली बसली. गाय तिचा हात लागताच पान्हावली. ते मी पाहिलं. ही माझी विद्या नव्हे. हौसाबाईची आहे, आणि ती तिच्या रक्ताबिक्ताने नव्हे तर रोज शेजारी बसल्याने या मुलीत उतरली आहे. बत्तीस वर्षांत या तालुक्यात पाहिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी त्या दोघी मावशी-भाची दाखवीन. त्यांच्या गोठ्यात मला जायला मिळालं, याचा मला अभिमान आहे.

निघताना मी म्हणालो, “हे सगळं लिहून छापायचं म्हणतोय. तुझी हरकत असेल तर नाही.”

“लिवा. पर आधी मला दावा.”

त्याप्रमाणे हा लेख संपादकांकडे धाडण्याआधी मी तिच्याकडे घेऊन गेलो. ओसरीवर बसून तिने सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचला. मैनेच्या प्रदर्शनाशी आली तेव्हा हसली. तात्यांशी आली तेव्हा हसली नाही. मग घरच्या पोरीने घ्यावं तसं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि चार ठिकाणी काट मारली. मी पाहिलं. माझ्या मसुद्यात चार ठिकाणी ‘बिचारी सुमन’ असं होतं.

“बिचारी कोन?” तिने विचारलं. “चौदा गाया हायेत माझ्या.”

“बरं. बाकीचं?”

“बाकीचं खरं हाय.” तिने कागद माझ्या हातात दिले. “माफीबिफीचं इचारू नका, ते मला आत्ताच सांगता यायचं न्हाई. पर धाडा. मावशीचं नाव नीट लिवा. तिच्या गायीचं दूध तिचंच व्हतं, हे तालुक्याला कळू द्या.”

हौसाबाई धोंडिबा, मैनेची मालकीण. मैनेला तिने वाढवली.